तीन गलबते आणि हजारो कलश

सतराव्या शतकात पूर्व इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात थॉमस ब्राउन नावाचे एक डॉक्टर राहत. नॉरफोक परगण्यातच, वॉल्सिंगहॅम गावच्या एका शेतात चाळीस-पन्नास मातीचे कलश निघाले. आत जळलेल्या हाडांचे तुकडे होते आणि त्यांत मिसळलेले हाडी कंगव्यांचे अवशेष, लहानसे चिमटे, असले किरकोळ सामान. ब्राउन यांनी ते निमित्त धरून 1658 मध्ये एक छोटे पुस्तक छापले. मरणोत्तर संस्कारांवरचे ते चिंतन इंग्रजी गद्यातल्या थोर लेखनात मोजले जाते. फक्त त्यातला ऐतिहासिक निष्कर्ष साफ चुकला. ब्राउन यांच्या मते ती राख रोमनांची होती. इंग्लंडच्या मातीत कुणी परके पुरलेले सापडले, तर ते रोमनच असणार, हे तेव्हा इतके उघड वाटे की दुसरी शक्यता मनात येण्याचे कारणच नव्हते. कंगवा आणि चिमटा ही जोडी पाचव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन कलशांची जवळजवळ सहीच आहे, हे कळायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

इंग्रजांना आपले पूर्वज ओळखायला फार वेळ लागला, ही या विषयातली मला सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. अठराव्या शतकात ब्रायन फॉसेट नावाच्या धर्मोपदेशकाने केंटमध्ये सातशेहून अधिक थडगी उकरली. 1771 मध्ये किंग्स्टन डाउन येथे त्याला सोन्यात लाल गार्नेट जडवलेला जो ब्रोच मिळाला, त्याच्या तोडीचे काम आजही क्वचितच दिसते. फॉसेटने हा सगळा ऐवज ‘रोमन वळणाच्या ब्रिटनां’च्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, नावे मांडला. जेम्स डग्लस यांनी 1793 मध्ये ही थडगी सॅक्सनांची असल्याचे दाखवून दिले, पण त्याचे कुणाला फारसे सोयरसुतक नव्हते. पुढे फॉसेटचा संग्रह विकायला निघाला तेव्हा ब्रिटिश म्युझियमने तो घेण्यास चक्क नकार दिला. लिव्हरपूलचे सराफ जोसेफ मेयर यांनी तो घेतला म्हणून तो फुटला नाही. ग्रीस आणि इजिप्तपुढे घरच्या मातीतल्या वस्तू संग्रहालयाच्या विश्वस्तांना तेव्हा किरकोळ वाटत होत्या.

खरा दुवा जोडला जॉन मिचेल केंबल यांनी. ते मूळचे भाषापंडित. ‘बिओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची संहिता त्यांनी संपादित केली होती. 1850 च्या दशकात ते उत्तर जर्मनीत हॅनोव्हरकडच्या दफनभूमी उकरत होते. एल्ब नदीच्या मुखाकडे श्टाडे गावाजवळ मिळालेले कलश पाहताना त्यांना नॉरफोक आणि केंब्रिजशायरमधले कलश आठवले. तोच फुगीर घाट, तीच बोटाने काढलेली वळी, तेच ठसे. 1855 मध्ये त्यांनी हे मांडले आणि उत्तर समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरची मडकी पहिल्यांदा एकमेकांशेजारी आली.

तोवर समुद्रापलीकडून इंग्लंडमध्ये झालेल्या अँग्लो-सॅक्सनांच्या स्थलांतराची हकीकत लोकांना ठाऊक होती ती पुस्तकांतून. सहाव्या शतकातला ब्रिटन धर्मपुरुष गिल्डास सांगतो की रोमन निघून गेल्यावर उत्तरेकडच्या लुटारूंना आवरण्यासाठी एका गर्विष्ठ राजाने सॅक्सनांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावले. ते तीन गलबतांतून आले, मग आणखी आले, मग शिधा कमी पडला म्हणून उलटले आणि देश जाळत पश्चिम समुद्रापर्यंत गेले. 731 मध्ये जॅरोच्या मठात बसून इतिहास लिहिणाऱ्या बीडने हीच कथा घेतली. तिला 449 च्या आसपासचा काळ दिला, हेंगिस्ट आणि हॉर्सा ही दोन भावांची नावे दिली, आणि आलेल्यांची अँग्ल, सॅक्सन व ज्यूट अशी तीन कुळांत वाटणी केली. अँग्लांचा मूळ प्रदेश आपल्या काळातही ओसाड आहे, असेही त्याने लिहून ठेवले. गिल्डास हा लोकांच्या पापांवर तुटून पडणारा उपदेशक, आणि बीड घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी लिहिणारा. तरीही शाळेच्या पुस्तकांत तीन गलबते कायम राहिली. खणणाऱ्यांच्या डोक्यातही ती होतीच, आणि तिथे त्यांनी बराच गोंधळ घातला.

जमिनीतला पुरावा गलबतांपासून सुरू होत नाही. सुरुवात होते ती वस्तू नाहीशा होण्यापासून. नोव्हेंबर 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला आलेल्या मित्राच्या मेटल डिटेक्टरला जे लागले, ते ब्रिटनमधल्या रोमन काळातल्या सर्वांत मोठ्या सोन्याचांदीच्या ठेव्यांपैकी एक ठरले: चौदा हजारांवर नाणी, शिवाय दागिने, चमचे आणि मिऱ्याची चांदीची पात्रे. (हातोडाही मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) त्यातले सर्वांत उशिराचे नाणे 407-408 चे. चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा काळजीपूर्वक कातरलेल्या आहेत, राजाचा चेहरा मात्र शाबूत. रोमकडून पगाराची नाणी येणे बंद झाले होते. लोक असलेल्याच नाण्यांची कड कापून चांदी काढत होते आणि उरलेले नाणे चालवत होते. थोड्याच वर्षांत तेही थांबले. चाकावरची मडकी बनवणारे मोठे कारखाने बंद पडले. शवपेट्यांना लागणारे लोखंडी खिळेसुद्धा दुर्मीळ झाले.

एका पिढीच्या अवधीत पैसा, कुंभार आणि लोहार इतके आटतात, तेव्हा त्या काळातली माणसे पुरातत्त्वज्ञाला दिसेनाशी होतात. ती मेलेली नसतात. त्यांच्यापाशी टिकाऊ असे काही उरलेले नसते, इतकेच. सगळीकडे एकदम अंधार झाला असेही नाही. ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थच्या रोमन वाड्यात एका दालनाची भिंत 424 नंतर बांधली आणि आत चक्क मोझेइकची फरशी घातली, असे कार्बन कालमापनातून निघाले; 2020 मध्ये ते जाहीर झाले. कसब फारसे चांगले नाही, नक्षीत चुका आहेत. पण रोमन सत्ता जाऊन दशक उलटल्यावरही पश्चिमेकडे कुणा धन्याला नक्षीदार फरशी हवी होती आणि ती घालणारा कारागीर मिळत होता. पूर्वेकडे याच सुमारास कलश पुरले जाऊ लागले होते.

या नव्या लोकांची घरे सापडायला 1921 उजाडले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियमचे ई. टी. लीड्स यांना सटन कोर्टनी येथे खडीच्या खाणीत आयताकार खड्डे दिसले. साधारण चार मीटर लांब, तीन रुंद, कंबरेपेक्षा कमी खोल, दोन टोकांना एकेका खांबाचा खळगा. खड्ड्यांत हाडे, फुटकी मडकी, राख, भाजलेल्या मातीची कडी. लीड्स यांनी निष्कर्ष काढला की पहिले इंग्रज या खड्ड्यांत राहत होते आणि आपल्याच उष्ट्याखरकट्यावर झोपत होते. हे चित्र पुढची चाळीस वर्षे हलले नाही. रोमन वाड्यातली गरम फरशी आणि सॅक्सनाचा उकिरडा, अशी तुलना लिहिणाऱ्यांना सोयीची होती.

ते चित्र पुसले सफोकमधल्या वेस्ट स्टो या गावाने. लार्क नदीच्या काठची ही वाळवट उंचवट्याची जागा मध्ययुगात उडत्या वाळूखाली गाडली गेली, आणि म्हणून नांगरापासून वाचली. स्टॅन्ली वेस्ट यांनी 1965 ते 1972 या काळात तिथे अख्खे गाव उघडे केले. सुमारे 70 खड्डाघरे आणि त्यांच्यामधोमध खांबांवर उभी असलेली सात मोठी घरे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सातव्याच्या मध्यापर्यंत हे गाव नांदते होते. जळालेल्या घरांत फळ्यांचे कोळसे अशा रीतीने पडलेले होते, की खड्ड्याच्या तोंडावर लाकडी तक्तपोशी असावी असे दिसत होते. माणसे फळ्यांवर वावरत होती. खाली राहिली होती ती हवा खेळायला किंवा सामान ठेवायला पोकळी.

वाद मिटेना, तेव्हा अभ्यासकांनी घरेच बांधून पाहिली. 1970 च्या दशकात त्याच जागी, त्याच खळग्यांच्या मापाने घरे उभी राहू लागली. एकात थेट खड्ड्याच्या तळाशी वावर ठेवला, दुसऱ्यात वर फळ्या टाकल्या. पहिल्या प्रकारात खड्ड्याच्या कडा पायांनी आणि ओलीने ढासळू लागल्या. मूळ खड्ड्यांच्या कडा तशा झिजलेल्या नव्हत्या. 2005 मध्ये यांपैकी एक नवे घर आगीत जळाले. तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी त्याच्या राखेचेही रीतसर उत्खनन केले, कारण घर जळाल्यावर जमिनीत काय उरते हे मोजायची अशी संधी पुन्हा कधी येणार! लीड्स यांच्या त्या उकिरड्याचाही उलगडा झाला. घर मोडल्यावर उरलेला खड्डा शेजाऱ्यांनी कचऱ्याने भरून टाकला होता. आतली हाडे त्या घरात राहणाऱ्यांनी खाल्लेली नव्हतीच. भाजलेल्या मातीची कडी ही मागाची वजने. उभ्या मागावर ताणे ओढून धरायला ती खाली टांगत. खड्डाघरांपैकी बरीच विणकामाची होती, राहायची घरे ती खांबांवरची.

वेस्ट स्टोची वाळू शांतपणे वाट पाहत होती. एसेक्समधल्या मकिंगपाशी मात्र यंत्रे दारात उभी होती. थेम्सच्या मुखाकडे पाहणाऱ्या या खडीच्या पठारावर 1959 मध्ये केनेथ सेंट जोसेफ यांनी विमानातून छायाचित्रे घेतली. जिथे पूर्वी खड्डे होते तिथे ओल टिकून पीक गर्द दिसते, त्यामुळे शेतभर काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. त्या पठाराखालची खडी बांधकामाला हवी होती. 1965 ते 1978 अशी तेरा वर्षे मार्गारेट जोन्स आणि त्यांचे पती टॉम यांनी खाणयंत्रांच्या एक पाऊल पुढे राहून तिथे खणले. थंडीवाऱ्यातसुद्धा काम थांबत नसे. सुमारे 18 हेक्टर जमीन उघडी झाली. दोनशेहून अधिक खड्डाघरे, पन्नासच्या वर खांबांची घरे, दोन दफनभूमी आणि त्यांत आठशेहून अधिक मृत. इतकी मोठी अँग्लो-सॅक्सन वस्ती तोवर कुणी पाहिली नव्हती.

मार्गारेट जोन्स यांना त्यात थेम्सच्या तोंडावरचे भाडोत्री सैनिकांचे ठाणे दिसले. गिल्डासची कथाच जणू खडीतून वर आली. दफनभूमीत एका पुरुषाच्या कमरेला उशिराच्या रोमन फौजी थाटाचा, चांदीच्या जडावाचा पट्टा होता, त्यामुळे या तर्काला धार आली. खणलेले सगळे जुळवून अहवाल लिहायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. हेलेना हॅमेरो यांनी खापरे आणि घरे कालानुक्रमे लावली, 1993 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले, आणि ठाण्याची कल्पना मावळली. दोनशे घरे एका वेळी नव्हतीच. वस्ती अडीचशे-तीनशे वर्षांत पठारावर सरकत गेली होती. एका ठिकाणची घरे कुजली की शेजारी नवी. कोणत्याही एका पिढीत तिथे शंभराच्या आसपास माणसे. ना तटबंदी, ना सरदाराचा वाडा. शेतकरी होते.

आता कलशांकडे येऊ. नॉरफोकमधल्या स्पाँग हिलवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून कलश निघत असल्याच्या नोंदी आहेत. 1972 पासून दहा वर्षे तिथे शिस्तीने खणले गेले, त्यातला मोठा काळ कॅथरीन हिल्स यांच्या देखरेखीखाली. सुमारे 2,300 दहनविधींचे अवशेष आणि 57 पुरलेली प्रेते मिळाली. संपूर्ण खणलेली इतकी मोठी अँग्लो-सॅक्सन दहनभूमी इंग्लंडमध्ये दुसरी नाही. कलश हाताने थापलेले, खोलगट शेकोटीत भाजलेले. त्यांच्यावर हरणाच्या शिंगातून किंवा हाडातून कोरलेल्या ठशांनी नक्षी उमटवलेली: फुल्या, वर्तुळे, छोटे प्राणी, आणि स्वस्तिकेसुद्धा. आपल्याकडच्या वाचकाचे लक्ष तिथे लगेच जाईल, पण युरोपच्या जुन्या कारागिरीत हे चिन्ह सर्रास दिसते; त्यावरून भारताशी नाते जोडण्यात अर्थ नाही. एका कलशाचे झाकण तर अजबच आहे. खुर्चीवर बसलेला एक माणूस, दोन्ही हात गालांना लावून, मान किंचित वर करून पाहतो आहे. ‘स्पाँग मॅन’ म्हणून तो ओळखला जातो आणि नॉरिचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे.

चितेवर माणसाबरोबर बरेच काही जाळले जाई. घोडा, मेंढी, काचेचे मणी, ब्रोच. हाडे वेचून कलशात भरताना न जळलेला कंगवा किंवा चिमटा, कात्री, वस्तरा आत टाकत. हे चिमटे-वस्तरे पुष्कळदा खेळण्याएवढे छोटे, कामास निरुपयोगी, केवळ विधीसाठी बनवलेले. देह जळून गेल्यावर केस विंचरायची आणि दाढी करायची साधने द्यावीत, यामागे काहीतरी ठाम समजूत होती. ज्युलियन रिचर्ड्स यांनी 1980 च्या दशकात हजारो कलशांची मोजमापे घेऊन दाखवले की कलशाची उंची आणि नक्षी मृताचे वय, लिंग आणि मान पाहून ठरे. मोठ्या पुरुषाला उंच कलश, लहान मुलाला ठेंगणा. म्हणजे ही भांडी स्वयंपाकघरातून सहज उचललेली नव्हती; कुणी गेले की कुंभाराला त्या माणसासाठी सांगायचे.

स्पाँग हिलचा काळ ठरवताना या विषयातली जुनी चौकट मोडली. हिल्स आणि सॅम ल्यूसी यांनी 2013 मध्ये काढलेल्या अंतिम अहवालानुसार इथले कलश पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पुरले जाऊ लागले. बीडच्या 449 च्या कितीतरी आधी. आणि बहुतेक दफने पाचव्या शतकातलीच आहेत, सहाव्यात ती ओसरतात. लोअर सॅक्सनीतल्या इसेनडॉर्फच्या दफनभूमीतले कलश शेजारी ठेवले, तर सांगितल्याशिवाय कुठला कुठला ते ओळखणे अवघड. गलबते एकदाच तीन आली नाहीत. ती वर्षानुवर्षे येत होती, आणि बहुधा जातही होती.

याच काळातली एक छोटी वस्तू मला फार आवडते. नॉरिचजवळच्या केस्टर येथे 1930 च्या दशकात एका कलशात मेंढ्यांच्या घोट्याच्या हाडांचा ढीग मिळाला, बहुधा सोंगट्या. त्यात एकच हाड रो जातीच्या हरणाचे होते. त्यावर रून लिपीत कुणीतरी कोरले आहे की हे हरणाचे आहे. ब्रिटनमधल्या जर्मानिक लिखाणाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. ना देवाचे नाव, ना राजाचे. खेळगड्याने आपली सोंगटी ओळखू यावी म्हणून केलेली खूण असावी.

समुद्रापलीकडची बाजू पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. लोअर सॅक्सनीच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी चढे, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या शेण, माती आणि कचरा टाकून टेकाड उंच करत आणि त्यावर राहत. आपल्याकडच्या पांढरीच्या टेकाडासारखेच, फक्त पाण्याच्या भीतीने मुद्दाम वाढवलेले. यांपैकी फेडरसन विर्डे हे वेर्नर हार्नागेल यांनी 1955 ते 1963 मध्ये खणले. ओलसर शेणमातीत लाकूड टिकून राहिले होते, त्यामुळे घरांच्या कुडांपर्यंत सगळे दिसले. माणसे आणि गुरे एकाच लांबलचक छपराखाली: एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गोठ्याची दावणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून नांदलेले हे गाव पाचव्या शतकात ओस पडले. बीडने ओसाड प्रदेशाबद्दल लिहिले, त्यात तथ्य होते.

जवळच फाल्वार्ड येथे 1994 मध्ये एका दफनात पोकळ खोडातून कोरलेली लाकडी खुर्ची निघाली, नक्षीने भरलेली. सोबतच्या पायठेवणीवर हरणामागे लागलेला कुत्रा आणि रून अक्षरे. मृताला होडीत ठेवले होते आणि त्याच्यापाशी रोमन फौजी पट्ट्याचे पितळी भाग होते. हा माणूस रोमन सैन्यात चाकरी करून गावी परतला असावा. ऑक्सफर्डजवळ डॉर्चेस्टर-ऑन-थेम्सच्या डाइक हिल्सवर 1874 मध्ये मजुरांना मिळालेल्या माणसाच्या कमरेला तसाच पट्टा होता. गिल्डासच्या भाडोत्री सैनिकांना जमिनीत कुठे जागा मिळते, तर ती इथे. रोमन साम्राज्य पूर्वीपासून राईनपलीकडच्या तरुणांना फौजेत घेत होते. समुद्राची वाट त्यांच्या ओळखीची होती आणि पलीकडची जमीन कशी आहे हेही ते घरी सांगत असणार.

पण एक गोष्ट समुद्र ओलांडून आली नाही. माणूस आणि गुरे एकत्र राहतील असे ते लांब घर इंग्लंडमध्ये सापडत नाही. खड्डाघर आले, कलश आले, ठसे आले. गोठ्यासकटचे घर मागे राहिले. मकिंग आणि वेस्ट स्टोची खांबांची घरे आखूड, आयताकार आणि बिनगोठ्याची आहेत. हिवाळा सौम्य म्हणून असेल, कुटुंबे लहान तुकड्यांत आली म्हणून असेल, किंवा स्थानिक ब्रिटनांकडून सुतारकाम उचलले म्हणून. मला तिसरे कारण जास्त पटते, कारण शेतीचेही तसेच दिसते. परागकणांच्या अभ्यासात पूर्व इंग्लंडची शेते पाचव्या शतकात रान होऊन गेलेली दिसत नाहीत. बऱ्याच ठिकाणी रोमन काळातले बांध तसेच वापरात राहिले. देश रिकामा करून त्यात नवे लोक वसवले असते, तर बांध टिकले नसते.

मग थडग्यांतल्या माणसांचे काय? सहाव्या शतकात दहनापेक्षा पुरण्याची रीत वाढली आणि प्रेताला पूर्ण पोशाखात ठेवू लागले. बायकांच्या दोन्ही खांद्यांना ब्रोच, मध्ये मण्यांच्या सरी, कमरेला किल्ल्यांसारखे लोंबते दागिने, कधी भोक पाडून ओवलेले रोमन नाणे. पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांसोबत भाला किंवा ढाल. जुन्या अभ्यासकांनी बीडच्या तीन कुळांचा नकाशा घेतला आणि ब्रोच त्यावर मांडले. क्रुसाच्या आकाराचा ब्रोच दिसला की अँग्ल बाई, बशीसारखा दिसला की सॅक्सन, केंटमध्ये ज्यूट. नकाशा ढोबळपणे जुळतो, हे खरे. पण पूर्व इंग्लंडमधल्या बायका बाहीला धातूचे जे आकडे लावत ते स्कँडिनेव्हियातून आलेले होते, आणि ते लावायची रीत इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर बदलली. पोशाख प्रदेशाचा होतो. तो घातलेल्या बाईचे माहेर त्यावरून सांगता येत नाही.

शस्त्रांचे तर आणखी फसवे. हाइनरिश हेर्के यांनी शस्त्रांसह पुरलेल्या शेकडो पुरुषांच्या हाडांचा अभ्यास केला. त्यांत लढण्याच्या वयाला न पोहोचलेली मुले होती आणि अपंगत्वामुळे कधीच लढू न शकलेले पुरुषही. जुन्या वृत्तान्तांत लढाया कमी आहेत त्या काळात शस्त्रे जास्त पुरली गेली. भाला हा घराण्याचा मान होता, शिपायाचे हत्यार नव्हे.

एवढा पुरावा हाती असतानाही विद्वान दोन टोकांना झुलत राहिले, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या काळाचा वाटा मोठा होता. व्हिक्टोरियन इतिहासकार एडवर्ड फ्रीमन यांना इंग्रज हे अस्सल जर्मानिक हवे होते, म्हणून त्यांच्या लेखी ब्रिटन मारले गेले किंवा पळाले. दोन महायुद्धांनंतर जर्मन पूर्वज मिरवण्याची हौस ओसरली. 1980-90 च्या दशकांत अनेक पुरातत्त्वज्ञ म्हणू लागले की फार थोडे सरदार आले आणि बाकीच्यांनी त्यांचे कपडे व भाषा उचलली. गावागावांतून हजारो साध्या कलशांचे ढीग पडलेले असताना ‘मूठभर सरदार’ कसे पटत होते, याचे मला नवल वाटते. सरदार काही मातीच्या मडक्यात दोन हजारांनी जात नाहीत.

2022 मध्ये ‘नेचर’ मध्ये योशा ग्रेट्झिंगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मध्ययुगाच्या पूर्वार्धातल्या 460 माणसांचे डीएनए तपासले, त्यांपैकी 278 इंग्लंडमधली. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या माणसांत उत्तर जर्मनी, नेदरलँड्स आणि डेन्मार्ककडचा वारसा सरासरी 76 टक्के निघाला. सरदारांची कल्पना तिथेच संपली. आलेल्यांत बायकाही होत्या. पुरुष येऊन स्थानिक बायका करत गेले, असे सरळ नव्हते. त्याच वेळी सरसकट कत्तलही दिसत नाही. डोव्हरजवळच्या बकलंड दफनभूमीत एका घराण्याच्या किमान चार पिढ्या जुळल्या, आणि त्यात आलेल्यांची व इथल्यांची सोयरीक नेमकी कुठे झाली तेही दिसले. शस्त्रे दोन्ही वारशांच्या पुरुषांना सारखीच मिळत. केंब्रिजशायरमधल्या ओकिंग्टनचे उदाहरण 2016 मध्येच आले होते. गायीसह पुरलेल्या बाईमुळे गाजलेली ही दफनभूमी. तिथे ज्या चार जणींचे जनुकीय वाचन झाले, त्यांपैकी मोठा क्रुसाकृती ब्रोच लावून, सर्वांत थाटात पुरलेली बाई वंशाने स्थानिक ब्रिटन निघाली. जुन्या नकाशात ती निःशंक अँग्ल ठरली असती.

केंटमध्ये तर आणखी लांबचे धागे आहेत. सहाव्या शतकातल्या केंटच्या बायकांच्या ब्रोचांतले लाल गार्नेट तपासले तेव्हा त्यांतले बरेच भारत आणि श्रीलंकेतले असल्याचे दिसले. तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे, तिथून फ्रँकांच्या राज्यातून खाडीपलीकडे, असा तो प्रवास. शतकाच्या अखेरीस ही आवक आटली आणि सोनारांना मध्य युरोपातल्या बारीक खड्यांवर भागवावे लागले. फॉसेटने ज्याला रोमन वळणाचे म्हटले, त्या किंग्स्टन ब्रोचमागेही हाच बाजार असावा. केंटमध्येच इस्ट्रीजवळ अपडाउन येथे सातव्या शतकात एक मुलगी पुरली गेली, मडके, सुरी आणि कंगवा घेऊन, आपल्या नातेवाईक बायकांच्या शेजारी. तिच्या थडग्यात वेगळे काहीच नव्हते. तिच्या आजोबांपैकी एक पश्चिम आफ्रिकेतला असावा, असे तिच्या डीएनएने सांगितले.

या सगळ्या जनुकीय निकालांना एक मर्यादा आहे, आणि ती नेमकी सुरुवातीच्या पिढीवर पडते. डीएनए पुरलेल्या हाडांतून मिळतो. चितेच्या आचेत तो टिकत नाही. पाचव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आलेले लोक आपले मृत जाळत होते. म्हणजे ज्यांच्याबद्दल खरा वाद आहे, ते स्पाँग हिलचे दोन हजार तीनशे जण या मोजणीत नाहीतच. 76 टक्क्यांचा आकडा त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा आहे. अलीकडे पांढऱ्या होईस्तोवर जळलेल्या हाडांतून स्ट्रॉन्शियमचे मापन करता येऊ लागले आहे. स्टोनहेंजच्या जळलेल्या अस्थींवर 2018 मध्ये ते करून पाहिले गेले. माणूस शेवटची काही वर्षे कोणत्या जमिनीतले अन्न खात होता, हे त्यातून कळते. पण पंचवीसाव्या वर्षी एल्बच्या मुखाकडून आलेला आणि नॉरफोकची धान्ये खाऊन पंचेचाळिसाव्या वर्षी जाळलेला माणूस या मापनात जवळजवळ नॉरफोकचाच दिसेल. त्याच्यासाठी अजूनही कलशावरचे ठसे आणि इसेनडॉर्फची खापरे शेजारी ठेवूनच पाहावे लागते, केंबल यांनी 1855 मध्ये पाहिले तसे.